स्टेपनी, डिक्की आणि न झालेला कारखाना

बंगळूरच्या जे. सी. रोडवर सकाळी दहा-साडेदहाला दुकानांची शटर वर जातात आणि आतला माल हळूहळू फुटपाथवर येतो. सायलेन्सरच्या नळ्या, हेडलाइटच्या काचा, दारांची रबरं, दोरीत माळेसारखे ओवलेले फॅनबेल्ट. जे. सी. म्हणजे जयचामराजेंद्र वडियार, म्हैसूरचे शेवटचे महाराज. मुंबईत ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांत मोटारीचं सामान मिळतं, तसं बंगळूरमध्ये या रस्त्यावर. गेल्या वर्षी जुलैत मी तिथं एक बुश शोधत फिरत होतो. वडिलांची १९९१ सालची प्रीमियर पद्मिनी मी कोल्हापूरहून इकडं आणली आहे. तिच्या पुढच्या चाकाच्या किंगपिनचं गनमेटलचं बुश तीस वर्षं चालून झिजलं होतं. करंगळीएवढं पिवळट, पोकळ नळकांडं, पण ते नीट नसेल तर स्टिअरिंग हातात थरथरत राहतं.

"पद्मिनी? इल्ला सार," हे उत्तर मी सात दुकानांत ऐकलं. आठव्या दुकानात गर्दी होती म्हणून थांबलो. शेजारी दोन मेकॅनिक दुकानदाराशी भरभर कन्नडमध्ये बोलत होते. अठरा वर्षं या शहरात राहूनही माझं कन्नड भाजीबाजारापुरतंच आहे, पण त्या बोलण्यातले दोन शब्द कान टवकारावेत इतके ओळखीचे होते: स्टेपनी आणि डिक्की. मला आठवलं, इथं आलो त्या पहिल्याच आठवड्यात रात्री नऊ वाजता टायर बसला होता आणि पंक्चरवाल्याशी माझा सगळा व्यवहार याच दोन शब्दांवर झाला होता. तो "स्टेपनी?" म्हणाला, मी "डिक्की" म्हणालो. भाषा तेवढीच लागली.

हे दोन्ही शब्द आपल्याला इतके घरचे वाटतात की ते कुठून आले हे कुणी विचारत नाही. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. पंक्चर झालं की रस्त्यावर बसून टायर उतरवायचा, ट्यूब जोडायची, पुन्हा चढवायचा. वेल्समधल्या लानेली या गावात थॉमस मॉरिस डेव्हिस आणि त्यांचे भाऊ वॉल्टर यांनी १९०४ च्या सुमारास यावर उपाय काढला. हवा भरलेला टायर चढवलेली, आरे नसलेली एक कडी त्यांनी केली. बसलेल्या चाकाच्या बाजूला ती चिमट्यांनी आवळायची आणि घर गाठायचं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून कंपनीचं नाव स्टेपनी स्पेअर व्हील. पुढं मोटारीसोबत पूर्ण जादा चाकच मिळू लागलं आणि त्या कडीची गरज संपली. इंग्रज स्वतः 'स्पेअर व्हील' म्हणू लागले आणि स्टेपनी विसरले. लानेलीतल्या त्या रस्त्याचं नाव रोज घेतलं जातं ते कोल्हापूरच्या तावडे हॉटेलच्या चौकात आणि बंगळूरच्या कलासिपाळ्यात.

डिक्कीची गोष्टही अशीच. घोड्याच्या बग्गीला मागं नोकराच्या बसण्याची एक जागा असे, तिला डिकी म्हणत. दोन आसनी मोटारींमध्ये तीच मागं उघडणारी जादा बैठक झाली. नंतर बैठक गेली, त्या जागी सामान आलं. इंग्रजांनी तिला बूट म्हटलं, अमेरिकनांनी ट्रंक. आपण मात्र माणूस उठून गेला तरी जागेला त्याचंच नाव ठेवलं.

बुश काही मिळालं नाही. तिथून शिवाजीनगरच्या गुजरीत गेलो. तिथं मोडीत निघालेल्या गाड्यांचे अवयव सुटे होऊन विकायला बसतात. तिथं पद्मिनीचं बोनेट मिळालं, 'प्रीमियर' अशी अक्षरं असलेली पट्टी मिळाली, बुश नाही.

पद्मिनी घेऊन बंगळूरमध्ये फिरताना एक गोष्ट मला सतत टोचत राहते. ही गाडी, किंवा तिची एखादी बहीण, याच शहरात जन्माला यायची होती.

कब्बन पार्कच्या कडेला, कस्तुरबा रोडवर विश्वेश्वरय्या औद्योगिक आणि तंत्रज्ञान संग्रहालय आहे. १९६२ मध्ये ते सुरू झालं. त्याच्या इंजिन दालनात मोटारीची इंजिनं कापून, आतला पिस्टन आणि वॉल्व्ह दिसतील अशी ठेवलेली आहेत. शाळेच्या सहली येतात, पोरं बटणं दाबतात. मी भाचीला घेऊन गेलो होतो. ती एका कापलेल्या इंजिनासमोर बराच वेळ उभी राहिली. पिस्टन खाली-वर होतो आणि चाक गोल फिरतं, हे तिला पटेना. मग तिनं स्वतःच्या सायकलच्या पायडलवर गुडघा कसा वर-खाली जातो ते आठवलं आणि एकदम हसली.

ज्यांच्या नावाचं हे संग्रहालय आहे ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या महाराष्ट्राला परके नाहीत. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते इंजिनिअर झाले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले, नाशिक आणि खानदेशात त्यांनी सुरुवातीची वर्षं काढली. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये बसवले. पुढं म्हैसूरचे दिवाण झाले. पण निवृत्तीनंतर, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी मोटारीच्या कारखान्याचा ध्यास घेतला होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९३५ मध्ये ते युरोप आणि अमेरिकेला गेले, मोटारींचे कारखाने पाहिले, परत येऊन हिंदुस्थानात मोटार कशी बनवता येईल याची सविस्तर योजना त्यांनी मांडली. त्यावेळी या देशात मोटारी सुट्या भागांच्या पेट्यांतून यायच्या आणि मुंबई-कलकत्त्यात परदेशी कंपन्या त्या जोडून विकायच्या. नटबोल्टसुद्धा बाहेरचे.

त्यांना जोडीदार मिळाला तो सोलापूरचा. वालचंद हिराचंद. बोटींच्या धंद्यात इंग्रज कंपन्यांशी झुंजलेला, रेल्वेचे बोगदे खोदलेला, साखर कारखाना उभारलेला हा माणूस. मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं तेव्हा या योजनेला सरकारी आधार मिळण्याची आशा होती, पण १९३९ च्या अखेरीस काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली. मग म्हैसूर संस्थानाकडं डोळे लागले. संस्थान भांडवलात वाटा उचलायला तयार होतं, कारखाना बंगळूरला व्हायचा होता, अमेरिकेत क्रायस्लर कंपनीशी बोलणी झाली होती. इंग्रज सरकारनं संस्थानाला ती परवानगी दिली नाही. युद्ध सुरू झालं होतं. मोटार कारखाना म्हणजे विलायती मोटारींच्या हक्काच्या बाजारावर घाला, हेही दिल्लीत बसलेल्यांना कळत होतं, असं मला वाटतं.

याच मोटारीच्या बोलण्यांसाठी वालचंद १९३९ मध्ये अमेरिकेला गेले होते. परतीच्या प्रवासात पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. मोटारीच्या शोधात निघालेल्या माणसानं विमानाच्या कारखान्याची गोष्ट तिथंच काढली. पुढं चक्रं वेगानं फिरली. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या म्हैसूर सरकारनं जमीन दिली, २५ लाख रुपये भांडवल घातलं, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिथं जोडलेलं हार्लो जातीचं शिकाऊ विमान आकाशात गेलं. मोटारीला जे नाकारलं ते विमानाला मिळालं, कारण विमान इंग्रजांना युद्धात हवं होतं. १९४२ मध्ये सरकारनं कारखान्याचा कारभार आपल्याकडं घेतला, १९४३ मध्ये तो अमेरिकी हवाई दलाच्या दुरुस्तीसाठी गेला. आजची एचएएल ती हीच. युद्ध संपल्यावर याच कारखान्यानं रेल्वेचे डबे आणि बसच्या बॉड्याही बनवल्या, म्हणजे चाकं शेवटी त्या आवारात आलीच.

ओल्ड एअरपोर्ट रोडवर एचएएलचं विमान संग्रहालय आहे. तिथून मारतहळ्ळीकडं जाताना नवखा मराठी माणूस हटकून विचारतो, हे मराठ्यांचं गाव का? शहाजीराजांची जहागीर बंगळूरला होती, त्यामुळं प्रश्न स्वाभाविक आहे. एचएएलच्या 'मारुत' या लढाऊ विमानावरून ते नाव पडलं, असंही इथले लोक सांगतात. मला त्या रस्त्यानं जाताना दर वेळी वालचंदांची मोटारच आठवते.

ती मोटार मुंबईत झाली. १९४४ मध्ये वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, १९४७ मध्ये कुर्ल्याचा कारखाना सुरू झाला, क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या तिथून निघू लागल्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून तिची शेवटची फेरी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली होती. त्या दिवशी मी बंगळूरमध्ये आमच्या पद्मिनीत बसून नुसतंच इंजिन चालू ठेवलं होतं.

बंगळूरला स्वतःची मोटार मिळाली ती सत्तरच्या दशकात, आणि तिला तीनच चाकं होती. सनराइज ऑटोमोटिव्ह या इथल्या कारखान्यानं फायबरग्लासच्या बॉडीची 'बादल' काढली. त्याच घराण्याचं पुढचं नाव सिपानी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सिपानींनी इंग्लंडच्या रिलायंट कंपनीची 'किटन' ही छोटी गाडी इथं 'डॉल्फिन' म्हणून आणली. दोन दारं, ८४८ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन, फायबरचं अंग. गंज चढणार कुठं? वजन इतकं कमी की शर्यतवाल्यांनी तिला उचलून धरलं आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर डॉल्फिन पळू लागल्या. पण डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. चार दारं, जपानी इंजिन, सरकारचा पाठिंबा. सिपानींनी चार दारांची 'मोंटाना' काढून पाहिली, नंतर रोव्हरची 'मोंटेगो' आणून पाहिली. आज डॉल्फिन दिसली तर ती कुणा हौशी माणसाच्या शेडमध्ये.

आमच्या कोल्हापूरच्या शेजारी, इचलकरंजीत, शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी मोटार अशीच स्वतःच्या बुद्धीनं घडवली होती. १९४९ मध्ये पहिला नमुना केला आणि पुढं पाव शतक ते तिच्यात सुधारणा करत राहिले. तिचं उत्पादन मात्र कधी सुरू झालं नाही. 'बादल' आणि 'मीरा' एकदा तरी शेजारीशेजारी उभ्या असलेल्या बघायला मिळाव्यात, अशी माझी फार इच्छा आहे.

माझा मेकॅनिक विल्सन गार्डनमधल्या एका गल्लीत बसतो. साठीच्या पुढचा, तमिळ घरातला, उर्दूमिश्रित हिंदी बोलणारा. पद्मिनी त्याच्याकडं दिली की तो सगळ्यात आधी प्लग काढतो. चारही प्लग एका जुन्या वर्तमानपत्रावर क्रमानं मांडतो आणि वाकून बघतो, जसा वैद्य जीभ बघतो. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर इंजिनाची तब्येत चांगली. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढुरकं दिसलं तर हवा जास्त, इंजिन तापतंय. मग पॉलिश पेपरनं टोक घासतो, पातळ पत्र्याची पट्टी फटीत सरकवून अंतर बघतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्लग दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल तर त्या एवढ्याशा फटीत सेकंदाला पंचवीस वेळा ठिणगी पडते. तो प्लगला प्लग म्हणत नाही. म्हणतो, "मायको निकालो."

मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. जर्मनीच्या बॉशची ही कंपनी १९५१ मध्ये स्थापन झाली आणि विल्सन गार्डनला लागूनच असलेल्या आडुगोडीत तिचा कारखाना आला. स्पार्क प्लग आणि डिझेलचे पंप. २००८ मध्ये कंपनीनं नाव बदलून बॉश केलं, पण शहरानं बदललं नाही. बी. टी. एम. लेआउटच्या शेजारी मायको लेआउट आजही आहे, बसवर पाटी तीच, पोलिस ठाण्याचं नाव तेच. नाशिककरांना यात नवल वाटणार नाही, कारण त्यांच्याकडं मायको सर्कल आहे. सातपूरला कंपनीचा कारखाना आला, तिथं डिझेलच्या इंजेक्टरची नोझलं बनू लागली आणि चौकाला नाव मिळालं. आठ-नऊशे किलोमीटर अंतरावरची दोन शहरं, आणि कंपनीनं टाकून दिलेलं एकच नाव दोघांनी जपलेलं. बॉशचं बोधचिन्हही पाहण्यासारखं आहे: गोलात बसवलेला मॅग्नेटोचा आर्मेचर. ज्या गॉटलोब होनोल्डनं १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि प्लग तयार केला, त्यानंच १९१८ मध्ये हे चिन्ह काढलं.

नावांचा विषय निघालाच आहे तर व्होल्वोचंही सांगतो. "रात्रीच्या व्होल्वोनं येतोय," असं पुण्याचा मुलगा आईला फोनवर सांगतो, तेव्हा गाडी कुठल्याही कंपनीची असू शकते. वातानुकूलित, मागं इंजिन असलेली बस म्हणजे व्होल्वो. ती या देशात आली बंगळूरजवळच्या होसकोट्यातून. १९९८ मध्ये तिथं ट्रकचा कारखाना सुरू झाला आणि २००१ मध्ये बी-७-आर ही बस आली. शहरातल्या रोजच्या प्रवाशांसाठी व्होल्वो वापरणारं देशातलं पहिलं शहरही बंगळूरच. मूळ शब्द लॅटिन आहे, अर्थ 'मी फिरतो'. स्वीडनच्या एसकेएफनं तो बॉल बेअरिंगसाठी राखून ठेवला होता, मोटारी त्या नावावर नंतर आल्या. त्या एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना चिंचवडला आहे.

आमच्या सोसायटीच्या तळघरात, खांब क्रमांक सतराच्या मागं, एक रेवा उभी असते, बंगळूरचीच विजेची मोटार. तिचे मालक निवृत्त प्राध्यापक आहेत, मूळचे धारवाडचे, घरात मराठी बोलतात. मी त्यांना काका म्हणतो. रेवा म्हणजे आपल्याकडं नर्मदा, त्यामुळं काकू गाडीला गमतीनं 'मैया' म्हणतात. एका रविवारी काकांनी मला ती नीट दाखवली. लांबी जेमतेम २.६ मीटर, म्हणजे मारुती ८०० पेक्षाही दोन फुटांहून अधिक आखूड. दोन दारं, पुढं दोन मोठी माणसं, मागं दोन मुलं. पुढची सीट उचलली की खाली बॅटऱ्या: सहा व्होल्टच्या आठ, मिळून ४८ व्होल्ट. बॅटऱ्या शिशाच्या असल्यामुळं त्यांत डिस्टिल्ड वॉटर घालावं लागे. बॉडीला पत्रा नाही, एबीएस प्लॅस्टिकची पॅनेलं. काकांनी दारावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, आवाज पाण्याच्या टाकीसारखा आला. क्लच नाही, गिअर नाहीत. घरातल्या पंधरा अँपिअरच्या प्लगला रात्री लावायची आणि सकाळी निघायचं, एका चार्जमध्ये साधारण ८० किलोमीटर. काका अकरा वर्षं तिनंच कॉलेजला गेले.

रेवामागं चेतन मैनी हे नाव आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकताना ते 'सनरनर' या सौर मोटारीच्या चमूत होते. १९९० मध्ये त्या गाडीनं अमेरिकेतली सनरेस जिंकली आणि ऑस्ट्रेलियाच्या जागतिक शर्यतीत तिसरा क्रमांक मिळवला. बंगळूरच्या मैनी समूहानं कॅलिफोर्नियाच्या अमेरिगॉन कंपनीबरोबर १९९४ मध्ये रेवा कंपनी काढली. गाडी बाजारात यायला सात वर्षं लागली, २००१ उजाडलं. देशातली ही पहिली विजेची मोटार नव्हे. केरळमधल्या चालकुडीत 'लव्हबर्ड' नावाची गाडी त्याआधी आली होती, पण ती टिकली नाही. रेवा टिकली, आणि तिला खरं घर मिळालं ते लंडनमध्ये. तिथं ती 'जी-विझ' नावानं गेली. लंडनच्या मध्यभागी गाडी नेली की कंजेशन चार्ज द्यावा लागतो, विजेच्या गाडीला तो माफ होता. म्हणून एक काळ असा आला की बोम्मसंद्रच्या औद्योगिक वसाहतीत बनलेल्या छोट्या गाड्या हजाराहून अधिक संख्येनं लंडनच्या रस्त्यांवर धावत होत्या. युरोपच्या नियमांत ती मोटार नव्हतीच, क्वाड्रिसायकल होती, त्यामुळं मोटारींना लागू असलेल्या धडकेच्या चाचण्या तिला लागू नव्हत्या. यावर तिकडं कडक टीका झाली आणि ती गैरवाजवी नव्हती. तिच्या रूपाची थट्टाही भरपूर झाली. मला त्या थट्टेचं वाईट वाटतं. आज ज्या गोष्टींची जाहिरात होते, ब्रेक दाबल्यावर बॅटरीत परत जाणारी वीज, घरच्या प्लगवरचं चार्जिंग, ते सगळं या गाडीत होतं, आणि ते शिशाच्या बॅटऱ्यांवर करून दाखवलेलं होतं.

२०१० मध्ये महिंद्रनं कंपनीतला ५५.२ टक्के हिस्सा घेतला. २०१३ मध्ये 'ई-टू-ओ' आली. मैनी पुढं बॅटरी बदलून देण्याच्या व्यवसायात गेले. काकांच्या रेवाच्या बॅटऱ्या आता थकल्या आहेत, गाडी तळघरातून क्वचित निघते, पण काका दर शनिवारी तिच्या काचा पुसतात. ज्या शहरानं १९०५ मध्ये रस्त्यांवर विजेचे दिवे लावले, त्या शहरात विजेची मोटार बनली याचं त्यांना मुळीच आश्चर्य वाटत नाही.

दिवाळीला आम्ही कोल्हापूरला गाडीनं जातो. पद्मिनी ठेवून नवी गाडी घेतो, कारण सहाशे किलोमीटर एका दिवसात कापायचे असतात. पहाटे चारला निघायचं, तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे. या वेळी निघण्याच्या आदल्या दिवशी मेकॅनिकनं झिजलेलं बुश माझ्या हातात ठेवलं होतं. "कोल्हापूर जा रहे हो ना? वहाँ खराद का काम अच्छा होता है," एवढंच तो म्हणाला.

ऊन वर आलं की हरिहरला तुंगभद्रा लागते. इथं किर्लोस्करांनी १९४१ मध्ये म्हैसूर किर्लोस्कर हा लेथ बनवणारा कारखाना काढला. वालचंदांना मोटार नाकारली जाण्याचा आणि या कारखान्याचा काळ एकच. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात मात्र याच रस्त्यावर पुढं, बेळगावात झाली होती. १८८८ मध्ये सायकलींचं दुकान. त्यावेळी सायकल म्हणजे आजच्या मोटारीएवढी चैन. बंधू रामूअण्णा बेळगावात दुकान सांभाळायचे, लक्ष्मणराव मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे आणि तिथून सायकली पाठवायचे. मग लोखंडी नांगर आले. १९१० मध्ये बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोडजवळ माळरान दिलं आणि तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली.

या घराण्याच्या चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर बंगळूरमध्ये राहिले, आणि मोटार त्यांच्यामार्फत आली ती सुताच्या वाटेनं. टोयोटाचा मूळ धंदा मागांचा. साकिची टोयोदांनी आपोआप चालणारा माग बनवला, १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना एक लाख पौंडांना दिले. त्यांचे चिरंजीव किइचिरो मोटारीच्या मागं लागले. बंगळूरजवळ जिगणीत १९९५ मध्ये किर्लोस्कर आणि टोयोदांनी सुताच्या यंत्रांचा कारखाना काढला. दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याच ओळखीतून बिडदीला टोयोटा किर्लोस्कर मोटर झाली. जानेवारी २००० मध्ये तिथून क्वालिस निघाली. इंडोनेशियातली 'किजांग' हीच. दिसायला साधी, चौकोनी, पण आयटी कंपन्यांनी रात्रपाळीच्या माणसांची ने-आण तिच्यावर सोपवली आणि बंगळूरच्या रात्री क्वालिसच्या झाल्या. माझी पहिली नोकरी रात्रपाळीची होती. पहाटे साडेचारला मागच्या बाकावर झोपलेली पाच माणसं आणि ड्रायव्हरनं हलक्या आवाजात लावलेलं सुप्रभातम्, हे माझ्या मनातलं बंगळूर. चांगली खपत असताना २००५ मध्ये कंपनीनं क्वालिस थांबवली आणि इनोव्हा आणली. विक्रम किर्लोस्कर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गेले. बिडदीत त्यांच्या कंपनीनं २००७ मध्ये सुरू केलेली प्रशिक्षण संस्था खेड्यांतल्या मुलांना घेऊन यंत्रावर उभं करते, ती सुरू आहे.

हुबळी गेलं की माझा मुलगा नंबरप्लेट वाचायला लागतो. हा खेळ मीच त्याला शिकवला आहे. केए-०१ कोरमंगला, केए-०३ इंदिरानगर, केए-०५ जयनगर. केए-२५ धारवाड, केए-२२ बेळगाव, केए-२३ चिक्कोडी. देशभर ही पद्धत १९८९ मध्ये आली. आय आणि ओ ही अक्षरं मालिकेत घेत नाहीत, एक आणि शून्यात गोंधळ होतो म्हणून, हे त्यानं स्वतः शोधून काढलं. आता त्यात 'बीएच' मालिकाही दिसते, बदल्या होणाऱ्या लोकांसाठी २०२१ मध्ये आलेली. तिच्यात सुरुवातीला वर्ष असतं, राज्य नसतं. निपाणीच्या अलीकडं एका केए-२३ गाडीच्या मागच्या काचेवर मराठीत 'आईचा आशीर्वाद' लिहिलेलं होतं आणि खाली तेच कन्नडमध्ये. कोगनोळीचा नाका ओलांडला, कागल आलं, एमएच-०९ ची रांग सुरू झाली. मुलानं मोजणं सोडून दिलं, फार झाल्या.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीज उरकून, मी शिवाजी उद्यमनगरात धाकट्या काकांच्या वर्कशॉपवर गेलो. सुट्टी होती, गल्लीत सामसूम. काकांनी कुलूप काढलं, बुश हातात घेतलं, खिडकीच्या उजेडात फिरवून बघितलं. "किती झिजलंय हे, पार लंबगोल झालंय," म्हणाले. कोपऱ्यातून गनमेटलचा तुकडा काढला आणि लेथच्या चकमध्ये आवळला. मोटर सुरू झाली. टूल टेकलं तसे पिवळे बारीक बुरादे उडू लागले, काकांच्या मनगटावरच्या केसांवर बसले. मधे दोनदा थांबवून त्यांनी मायक्रोमीटर लावला. दुसऱ्यांदा म्हणाले, "अजून दोन थाऊ." मग टूल इतकं हळू सरकवलं की काही कापलं जातंय असं दिसेना, नुसता वास आला.

मी लेथच्या अंगाला हात टेकून उभा होतो. तेलानं काळ्या झालेल्या त्या ओतीव लोखंडावर उठावाची अक्षरं हाताला लागली. फडकं मागून घेतलं, पुसून बघितलं. म्हैसूर किर्लोस्कर, हरिहर.

काकांनी बुश सोडवलं, फुंकर मारली, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं. अजून गरम होतं.